खालचे सहा इंच

९ फेब्रुवारी १९८३, बुधवार

सकाळी एक जोडपं आलं. स्टेशनजवळ नवा ब्लॉक घेतलाय. बाईंनी पर्समधून सोफ्याच्या कापडाचा तुकडा काढला आणि भिंतीवरच्या एकेका चित्राला लावून बघत चालल्या. पास्कलच्या होड्यांपाशी थांबल्या. "ह्यातलं निळं जरा कमी नाही का होणार?" पास्कल तिथंच स्टुलावर बसलेला, ओळख न देता. म्हणाला, "बाई, दोनदा धुवा, उतरेल." बाई हसल्या नाहीत. मला हसू आलं, ते झाकायला चहा मागवला. होड्या गेल्या.

ते गेल्यावर पास्कल : "भाऊ, तुम्ही चित्रं विकता की पडदे?"

म्हटलं, बाबा, वीस वर्षं देवांच्या तसबिरी आणि मेलेल्यांचे फोटो मढवले, तेव्हा कुठे मागच्या दोन खोल्यांना पांढरा रंग लावून तुम्हा लोकांना टांगता आलं. माणिकपुरात चित्रांचं दालन म्हणजे लोक पहिल्यांदा चष्म्याचं दुकान समजून आत शिरले होते.

हरेश्वरचं अजून एकही काम आलेलं नाही. मार्चअखेर पाच जणांचं प्रदर्शन लावायचं ठरलंय. त्याची आई आजारी आहे असं कळतं.

१६ फेब्रु., बुध.

पास्कल कपाळाला राख लावून आला. त्यांचे उपासाचे दिवस सुरू, आता ईस्टरपर्यंत मटण बंद. "आणि खोटं बोलणंही बंद, भाऊ. गिऱ्हाईक आलं तर तुम्हीच बोला."

डॉक्टरांचा फोन. हरेश्वरचं 'मिठागर' त्यांनी गेल्या गणपतीच्या आधी नेलं, दवाखान्याच्या बैठकीत लावलंय. "तुमच्याकडे तसंच आणखी असेल तर सांगा. पांढरं, स्वच्छ. पेशंटला बरं वाटतं." बघतो म्हटलं. फोन ठेवल्यावर उगाच हात पुसले. का कोण जाणे.

२१ फेब्रु., सोम.

हरेश्वरची आई काल पहाटे गेली. दुपारी दुकान बंद करून नायगावच्या खाडीकडे गेलो. ओटीवर बायका. हरेश्वर कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा माणूस, पण आज स्वतःच पोरासारखा दिसला. शेजारी बसलो. मग तो आपणहून सुरू झाला. जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, विसरायची सोय नको.

"भाऊ, आयचा फोटो नाय एकपन. काढायला बसायचीच नाय. म्हनायची, मिठात करपलेलं तोंड कोनाला दाखवू. तेराव्याला काय ठेवू पाटावर? मंग आठवलं. डॉक्टरकडचं चित्र हाय ना. त्यात आय हाय."

मला कळेना. 'मिठागर'मध्ये माणूस नाही. वर आभाळ, खाली मीठ, पाच फूट लांब पांढरं.

"खालची पट्टी, भाऊ. चिखलाची. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून कडक करतात ना, मंग मीठ धरतं. आयनं चाळीस वर्सं तेच केलं. म्हनून खाडीचा चिखल आनला, डिंकात भिजवला, कागद जमिनीवर अंथरला आनी तिला म्हटलं, आय, चाल ह्याच्यावरून. तयार होईना. कागद म्हंजे विद्या, पाय कसा ठेवू? अर्धा दिवस गेला. शेवटी कागदाच्या पाया पडली आनी चालली. एका कडेनं दुसऱ्या कडेला. शेवटाला दोनी पावलं जोडून उभी रायली, 'पुरं का रं?' म्हनली. वरचं मी रंगवलं, खालचं तिनं. निम्मं चित्र तिचं हाय."

आणि मग : "डॉक्टरला सांगून एक दिवस आना ना तेवढं. तुमचा शबूद ते मोडनार नाय."

आणतो म्हटलं.

म्हटलं मी. तोंडातून कसं निघालं ठाऊक नाही.

खालची पट्टी त्या चित्राला नाही. मी कापली.

२२ फेब्रु., मंगळ

सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला. "विचारलं नव्हतंत त्याला?" नाही. "का?" घाई होती. डॉक्टरांना गणपतीच्या आधी हवं होतं. पावसाळा, कागदाला ओल लागलेली, खालून सडलेला. गिरगावात उस्तादांकडे पहिला धडा हाच शिकलो : सडकी कड आधी कापायची, मग माउंटचा पुठ्ठा. नाहीतर बुरशी वर चढते, सगळा फोटो खाते. हजार फोटोंचं असं केलं. लोकांनी दुवा दिला.

सौ. म्हणाली, "ते फोटो होते."

२३ फेब्रु., बुध.

काल इथं लिहिलं ते अर्धं आहे. रोजनिशीतही माणूस गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं बोलतो.

माझे कान तेज. धंदा ह्या कानांवर उभा आहे. दारात नवरा-बायको काय कुजबुजतात ते ऐकायचं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ते पुढं ठेवायचं. त्या दिवशी चित्र फ्रेमीशिवाय जमिनीवर टेकून ठेवलं होतं. डॉक्टर बायकोच्या कानात म्हणाले, "छान आहे, पण खाली घाण झालीय." मी ऐकलं. ते माझ्याकडे वळले तसं मीच म्हटलं, "खालचं ते निघेल हां, काळजी नको." डॉक्टर खूश. ते कापा असं म्हणाले नव्हतेच.

संध्याकाळी कापायला बसलो तेव्हा बोटं दिसली. पायाची. टाच दिसली, भेगांसकट. ओल नव्हती ती. मला वाटलं, दुकानात कोणीतरी चिखलाचा पाय देऊन गेलं चित्रावर. माझ्या दुकानात, माझ्या हलगर्जीनं. हरेश्वरला कळलं तर? चार चित्रकारांत बोभाटा होईल, भाऊकडे चित्रं पायदळी तुडवतात. म्हणून फूटपट्टी धरली आणि सुरी फिरवली. सही तो मागे करतो, पुढे काही अडलं नाही. माउंट वर बसवला. झकास दिसलं.

तेव्हा हरेश्वर विचारायला आला असता तर? तो येत नाही. विकलेल्या चित्राकडे परत जात नाही. म्हणतो, नांदायला दिलेल्या पोरीच्या दारात रोज कोन जातं. हे मला माहीत होतं. सुरी फिरवताना हेही माहीत होतं.

२४ फेब्रु., गुरु.

पट्टी टाकली नव्हती. जाड, चांगला कागद. तसबीर आणि मागची प्लाय यात पोकळी राहिली की असा कागद भरीला घालतो. पाच फुटांचे तीन तुकडे केले, तीन तसबिरींत गेले. त्या आठवड्यात बाहेर पडलेली मोठी कामं तीनच, लख्ख आठवतात : चक्कीवाल्यांची लक्ष्मी, कामणच्या गोदामाच्या उद्घाटनाचा फोटो आणि गासच्या मोनिका मावशींची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर.

चक्कीवाल्यांकडे गेलो. म्हटलं, काचेमागं कसर लागलेली दिसते, फुकट साफ करून देतो. "भाऊ, तुम्ही म्हणजे ना!" म्हणत त्यांनी स्टूल धरलं. तिथंच पाटावर उघडली. तुकडा निघाला. एक अख्खं पाऊल, आणि कडेला दुसऱ्याची नुसती टाच. म्हणजे दुसरं पाऊल मी मधोमध कापलं.

"हे काय निघालं?" चक्कीवाले.

"रद्दी," म्हटलं.

पिठाचा हात लागू नये म्हणून सदऱ्याच्या आत छातीशी धरून आणली. रद्दी.

२६ फेब्रु., शनि.

एसटीनं कामण. गोदामाचे मॅनेजर ओळखीचे, फोटो स्वतः उतरवून दिला. भिंत ओली. प्लाय काढली तर वाळवीनं आतलं सगळं जाळीदार करून ठेवलेलं. फोटोतले पुढारी कमरेपर्यंत खाल्लेले. मॅनेजर हसून लोटपोट, "भाऊ, हे असेच बरे दिसतात." मीही हसलो. हसता येतं मला, कुठेही. माझ्या तुकड्यातली चार बोटं शिल्लक, अंगठ्यासकट. बाकी माती.

बोटं दोन काचांत धरून परतलो. बसमध्ये मांडीवर. शेजारच्या माणसानं विचारलं, "एक्सरे का?" हो म्हटलं.

२७ फेब्रु., रवि.

सायकलनं गास. मोनिका मावशी चर्चमधली मिस्सा आटोपून वाडीत पानवेलींना पाणी सोडत होत्या. पास्कलची सख्खी आत्या. घरात त्यांची बोली बोलतात, माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं नीट मराठी. चहा दिला, केळी दिली. पवित्र हृदयाची तसबीर समोरच्या भिंतीवर, खाली दिवा.

म्हटलं, मावशी, कसर...

"कसर? माझ्या घरी?" उठून काचेवर नाक लावून बघितलं. "कुठं आहे?"

मागच्या बाजूनं असते, दिसत नाही.

"दिसत नाही ती तुम्हाला माणिकपुरातून दिसली?"

मग म्हणाल्या, फादरांनी येऊन आशीर्वाद देऊन बसवलीय ती. सगळं घर गुडघ्यावर बसलं होतं तेव्हा. नवरा जिवंत होता. "त्यानंतर हात नाही लावला. उपासाच्या दिवसांत तर नाहीच नाही. ईस्टरनंतर फादरांना विचारते."

ईस्टर तीन एप्रिलला. तेरावं येत्या शुक्रवारी, चार मार्चला.

फादरांना मी विचारू का म्हटलं. बघत राहिल्या. "भाऊ, कसरीसाठी माणूस सायकलवर गासपर्यंत येत नाही." केळी पिशवीत घालून दिली.

तिसऱ्या तुकड्यावर ती दोन्ही पावलं आहेत. जोडून उभी असलेली.

१ मार्च, मंगळ

दहावा. खाडीवर गेलो. पिंड ठेवला. मला मनातून खात्री होती, कावळा शिवणार नाही. माझ्यामुळे. दर्भाचा कावळा करायची वेळ येणार, आणि सगळे म्हणणार हिचं काय राहिलंय. पण कावळा आला तो थेट. हरेश्वर म्हणाला, "तिची कसली आशाच नव्हती, भाऊ." सगळे उठले. मी तिथंच उभा, पायाखाली तोच चिखल.

परत येताना त्यानं विचारलं, "डॉक्टर देतो म्हनले ना?" म्हटलं, हो, बोललोय. बोललो नव्हतो. "काच काढून ठेवू का एक दिवस? पोरांना हात लावू दे म्हनतो आजीच्या पायांना."

सौ. रात्री जेवताना एवढंच म्हणाली : "दुसरा चित्रकार शोधाल तुम्ही. त्याला दुसरी आई कुठं?"

२ मार्च, बुध.

दुकान उघडलंच नाही. सायकल काढली, गास. वाटेत ठरवत गेलो काय सांगायचं. तीन बहाणे तयार होते, तीनही चांगले. मावशी दारात वाटी घेऊन उभ्या, कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आली का कसर?"

आणि मी सगळं सांगून टाकलं. उभ्यानंच. डॉक्टर, कुजबूज, सुरी, चिखल, म्हातारी, सगळं. बोटं दिसली होती, हेसुद्धा. कोणाला सांगितलं नव्हतं ते कोंबड्यांमध्ये उभं राहून सांगितलं.

मावशींनी वाटी खाली ठेवली. आत गेल्या. मी चपला काढून मागोमाग. त्या तसबिरीपुढं उभ्या. मग क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "सहा महिने मी रोज संध्याकाळी हिच्यापुढं गुडघे टेकते. त्या बाईच्या पायांपुढंही टेकले म्हणजे. कोणी सांगितलं नाही मला."

म्हटलं, चुकलं मावशी.

"माझ्याकडे कशाला चुकलं? माझं काही कापलं नाही तुम्ही."

उतरवू का, विचारलं. स्टूलसुद्धा दिसत होतं कोपऱ्यात.

"नाही. तुमच्या हाताला नाही लावू द्यायची. त्या पोराला आणा. त्याच्या आईचे पाय, त्याच्या हातानं उघडू दे. फादरांचं मी बघते, शुक्रवारी सकाळी आठला बोलावते. पण आधी त्याला सांगा. तोंडानं सांगा भाऊ, इथं आणून तसबीर दाखवून नाही. मला फसवून आणलेलं माणूस घरात नको."

निघताना विचारलं, पास्कलला...

"मी होऊन सांगणार नाही. त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. उपासाचे दिवस आहेत."

पास्कलला काही विचारायची सवय नाही असं नाही.

३ मार्च, गुरु.

डॉक्टरांकडे गेलो. खरं सांगितलं, थोडक्यात. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा सोपं जाईल वाटलं होतं. जात नाही. डॉक्टर पांढरे पडले. "मी तसं म्हणालोच नव्हतो हो." म्हटलं, नाही, तुम्ही नाही म्हणालात. मी ऐकलं. त्यांनी स्वतः एका बाजूनं धरून चित्र उतरवलं. म्हणाले, ठेवू दे त्याला, आम्हाला परत नको. त्यांच्या बायकोनं भिंतीवरच्या मोकळ्या चौकोनाकडे बघितलं.

दालनात आणून फ्रेम खोलली. माउंट काढला. कापलेली कड बघितली. सरळ. सहा महिने झाले, हाताला अजून लागेल इतकी धारदार. माझा हात चांगलाच आहे ह्या कामात.

दोन तुकडे खाली लावून बघितले. पहिला जुळतो. दुसऱ्याची चार बोटं काचेतून तरंगतात. तिसऱ्याची जागा मोकळी, वीस इंच.

चिकटवावं का असं मनात आलं. मागून पातळ जपानी कागद लावला तर जोड दिसणारही नाही. गोंद हातात घेतला आणि ठेवून दिला. परत तेच. परत झाकायला निघालो.

चित्र पांढऱ्या कापडात गुंडाळलं, सुतळीनं तीन गाठी. उद्या पहाटे त्याच्या घरी जायचं, आधी सांगायचं, मग गास, मग तेरावं. सौ.ला म्हटलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं, हे तेवढं विसरू नका."

४ मार्च, शुक्र.

साडेसहा. तोच आला. मी निघायच्या आत. टेम्पो ओळखीचा, रिकामा येत होता, बसला. डोकं केलेलं, कपाळ मोठं दिसतं. दारातच म्हणाला, "भाऊ, तुमाला कशाला त्रास, मीच नेतो." मला वाकायला लागला. पाया पडायला. मी त्याचे दंड धरले.

दालनात ये म्हटलं. आता सांगायचं. ओठांवर होतं. त्यानं कापडात गुंडाळलेलं चित्र बघितलं आणि जमिनीवर बसला, मांडी घालून, त्याच्यासमोर. चेहरा असा झाला की मी म्हटलं, चहा टाकतो. आणि मागं आमच्या घरात आलो. पळालो.

सौ. उठलेली. चुलीशी आहे. माझ्याकडे बघत नाही. सगळं ऐकतेय.

दोन तुकडे बाहेर दालनात टेबलावर ठेवलेत, काचेखाली, दिसतील असे. काल रात्री ठेवले. तेव्हा वाटलं की सोय केली. आता कळतंय काय सोय केली. तो बघेल, त्याला समजेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. इथपर्यंत आलो तरी गिऱ्हाइकाला पुढं काय ठेवायचं हेच चाललंय.

मावशी म्हणाल्या होत्या तोंडानं.

गास ह्या वेळेला पाऊण तास. फादर आठला येतील म्हणाल्या होत्या. बाराच्या आत परत खाडीवर पोचता येईल, जर तो माझ्याबरोबर येईल. जर त्यानंतर तो माझ्याबरोबर कुठंही येईल.

बाहेर शांत होतं. आता सुतळीचा आवाज. नखानं सोडवतोय. जपून, सुतळीसुद्धा तोडायची नाही असा. त्याची आईही अशीच होती म्हणतात, काही तोडायची नाही.

एक गाठ सुटली.

सौ. म्हणाली, "चहा मी आणते. तुम्ही जा."

दुसरीला हात घातलाय. तिसरी सुटायच्या आत बाहेर जायला हवं.